घरातला कार्बन कमी करायचाय? सुरुवात वीजबिलापासून करा!

वीजबिल आले की आपण आधी रक्कम बघतो. या महिन्यात युनिटचा आकडाही बघा. आपल्याकडे बरीचशी वीज अजून कोळशावर तयार होते. त्यामुळे एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराचे झाले सुमारे १४० किलो!

कोलकात्यात राहणाऱ्यांना हवामानबदल वेगळा समजावून सांगावा लागत नाही. २० मे २०२० च्या अम्फान वादळात हजारो झाडे पडली आणि अनेक वस्त्या कित्येक दिवस अंधारात होत्या. एका घराने वीज वाचवली म्हणून वादळ थांबणार नाही, हे खरे. पण आपल्या हातात जे आहे, ते तर करूया.

१. पंखा आणि एसी
जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो, तर नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज १२ तास, वर्षातले नऊ महिने पंखा चालला तर एका पंख्यामागे जवळपास १४५ युनिट वाचतात. म्हणजे सुमारे १०० किलो कार्बन कमी. एसी १८ ऐवजी २४ अंशांवर ठेवा आणि सोबत पंखा मंद लावा. तापमान एक अंश वाढवले की साधारण ६ टक्के वीज वाचते.

२. स्वयंपाकाचा गॅस
१४.२ किलोचा एक सिलिंडर संपतो, तेव्हा ४० किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणून आजीच्या सवयी पुन्हा लावून घ्या. राजमा, छोले रात्रीच भिजत घाला. डाळ, भात आणि बटाटे एकाच कुकरमध्ये लावा. कुकरला प्रेशर आले की आच मंद करा. फ्रिजमधले दूध बाहेर काढून थोड्या वेळाने तापवा.

३. ओला कचरा
भाजीची देठे आणि साली इतर कचऱ्यासोबत धापाच्या कचरा डेपोत जातात. तिथे ढिगाखाली हवा मिळत नाही आणि कुजताना मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा २५ पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. बाल्कनीत भोके पाडलेली बादली ठेवा. साली आणि सुकी पाने आलटून पालटून टाका, अधूनमधून हलवा. माशांचे काटे मात्र त्यात नकोत. वास येतो आणि उंदीरही. दोन-तीन महिन्यांत तुळशीला घरचे खत मिळेल.

४. रोजचा प्रवास
या बाबतीत आपले शहर भाग्यवान आहे. विजेची ट्राम इथे १९०२ मध्ये धावली आणि देशातली पहिली मेट्रो १९८४ मध्ये. २०२४ पासून तर हुगळी नदीखालून हावड्याला जाता येते. आठवड्यातून दोन दिवस तरी कॅबऐवजी मेट्रोने जा. जवळचा बाजार पायीच बरा.

सगळे एकदम जमणार नाही आणि तशी गरजही नाही. या महिन्यात एकच सवय निवडा. घरातल्या मुलांना मीटर वाचायला शिकवा आणि दर रविवारी आकडा कॅलेंडरवर लिहायला सांगा. पुढच्या वर्षी याच महिन्याचे बिल शेजारी ठेवून बघा. युनिट कमी झालेले दिसले, की दुसरी सवय लावायला कुणी सांगावे लागणार नाही.