हलका व्हॅक्युम क्लिनर: आज सकाळी वापरलात का?

आमच्या घरातला पहिला व्हॅक्युम क्लिनर मामांनी दुबईहून आणला होता. लाल रंगाचा, चाकांचा, हत्तीच्या सोंडेसारखा लांब पाइप असलेला. पहिल्या दिवाळीत आईने त्याने सोफा, पडदे, पंखे, सगळं साफ केलं. दुसऱ्या दिवाळीत तो माळ्यावरून काढायला बाबांना स्टुलावर चढावं लागलं. तिसऱ्या दिवाळीत कोणी त्याचं नावही काढलं नाही. केर मात्र रोज निघत होता, केरसुणीनेच आणि वाकून.

गेल्या वर्षी आईच्या कमरेने असहकार पुकारला. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली. कामाला येणाऱ्या मावशी नऊला येतात, पण सात वाजता स्वयंपाकघरातला केर काढल्याशिवाय आईला चहा गोड लागत नाही. तिच्या हातातून केरसुणी काढून घ्यायची म्हणजे दुसरं काही तरी द्यायला हवं होतं. हलका, उभ्याने चालवायचा व्हॅक्युम क्लिनर घेऊ या, असं मी म्हणताच आईचं उत्तर तयार होतं, ‘‘माळ्यावर एक आहे ना, अजून कशाला?’’

म्हणून दुकानात जाण्याआधी मी ओळखीच्या लोकांकडे चौकशी सुरू केली. अट एकच, मशीन घरात येऊन निदान वर्ष झालेलं हवं. नव्या नवरीचं कौतुक सगळेच करतात. इंदूरची नणंद, बडोद्याची आत्या, बेंगळुरूची मैत्रीण, नोएडातला चुलतभाऊ आणि आमच्या ठाण्याच्या सोसायटीतली चार घरं. ‘मशीन चांगलं आहे का?’ असं विचारलं तर सगळे ‘हो’ म्हणतात, पैसे मोजलेले असतात. त्यामुळे मी विचारलं, ‘‘आज सकाळी वापरलात का?’’

आठ घरांपैकी चार घरांचं उत्तर ‘नाही’ होतं.

वजन खोक्यावरचं आणि हातातलं

बॅटरीवर चालणारी बहुतेक हलकी मशीन दीड ते तीन किलोंची असतात. ऐकायला कमी वाटतं. पण त्यांच्यात मोटर, बॅटरी आणि केराचा डबा असं तिन्ही बहुधा वर, मुठीजवळ असतं. म्हणजे सगळा भार मनगटावर येतो. फरशीवर ढकलताना तो जाणवत नाही, कोपऱ्यातली जळमटं काढायला मशीन वर उचललं की लगेच जाणवतो. वायरच्या काही मशीनमध्ये मोटर खाली, जमिनीजवळ असते. वजनकाट्यावर ती जड भरली तरी हाताला हलकी लागतात.

बडोद्याच्या आत्याने म्हणूनच वायरचं मशीन घेतलं. सत्तरी ओलांडली आहे, बोटांना संधिवात आहे. तिने आधी सुनेचं बॅटरीचं मशीन वापरून पाहिलं होतं. त्याचं बटण काम संपेपर्यंत बोटाने दाबूनच धरावं लागत होतं. ‘‘अगं, पाच मिनिटांत बोट सुन्न झालं. केर काढत्येय की बंदूक चालवत्येय?’’ असं तिचं म्हणणं. बोट काढलं की मशीन थांबतं, त्यामुळे बॅटरी वाचते हे खरं. पण ज्यांच्या बोटांना त्रास आहे त्यांनी एकदा दाबलं की चालू राहणारं बटणच बघावं. आत्याचं तीनेक हजारांचं साधं मशीन रोज चालतं. वायर खोल्याखोल्यांतून ओढावी लागते, याबद्दल ती रोज कुरकुरते आणि रोज वापरते.

दुकानात मशीन हातात घ्याल तेव्हा तेही पाच मिनिटं धरा. टेबलाखाली घालून बघा. तुमच्या दिवाणाखाली जमिनीपासून किती इंच जागा आहे ते घरून मोजून न्या. बेंगळुरूच्या मैत्रिणीने हे केलं नाही. तिच्या मशीनचं तोंड पलंगाखाली जातं, पण वरचा डबा पलंगाच्या कडेला अडतो. मांजरीचे केस नेमके तिथेच साठतात.

वॉटच्या आकड्याला भुलू नका

खोक्यावर वॉटचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. मशीन किती वीज खातं हे त्यावरून कळतं, किती ओढतं हे कळत नाही. युरोपीय संघाने तर २०१७ पासून ९०० वॉटपेक्षा जास्त वीज खाणारे घरगुती व्हॅक्युम क्लिनर बाजारात आणायला मनाई केली. ओढ ठरते ती मोटर, हवेचा मार्ग, ब्रश आणि फिल्टर किती स्वच्छ आहे यावर.

ब्रशचं महत्त्व मला नणंदेमुळे कळलं. इंदूरच्या घरात सकाळी पोहे आणि पोह्यांवर शेव, म्हणजे जमिनीवरही शेव. तिच्या मशीनबरोबर आलेला ताठ केसांचा फिरता ब्रश गालिच्यासाठी बरा होता, पण गुळगुळीत टाइल्सवर तो शेव ओढून घेण्याऐवजी भिरकावून द्यायचा. ‘‘वहिनी, मी पुढे आणि शेव माझ्याही पुढे!’’ नंतर तिने मऊ, कापडी रोलर मागवला आणि प्रश्न मिटला. आपल्याकडे गालिचे कमी आणि फरशी जास्त, त्यामुळे मऊ रोलर सोबत मिळतो का हे आधी विचारा. लांब केस कुठल्याही रोलरभोवती गुंडाळतात. आठवड्यातून एकदा कात्री घेऊन बसावं लागतं, याला आठही घरांत अपवाद नव्हता.

आणि केरसुणी? ती कोणाच्याच घरातून गेलेली नाही. सांडलेलं पाणी, ओला भाजीपाला साध्या मशीनने ओढायचा नसतो. उदबत्तीची गरम राख तर अजिबात नाही. रांगोळी आणि पीठ ओढलं जातं, पण फिल्टर लगेच तुंबतो. बाथरूम, गॅलरी, जिना इथे फडाच बरा. फरशी पुसायचं कामही सुटत नाही, फक्त बादलीतलं पाणी कमी काळं होतं. नणंद म्हणाली तसं, ‘‘झाडू बंद नाही झाला, अर्धा झाला.’’

डबा, फिल्टर आणि बॅटरी

हलक्या मशीनचा डबा लहान असतो, बहुतेकांत अर्ध्या लिटरच्या आसपास. तो रोज रिकामा करावा लागतो आणि तेव्हा धूळ उडते. नोएडाच्या भावाच्या मुलाला दमा आहे. त्यांनी खास हेपा फिल्टरचं मशीन घेतलं. अमेरिकी निकषानुसार हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. झाडूने जी धूळ हवेत तरंगत राहते ती इथे डब्यात बसते, हा फायदा खरा. पण तोच डबा मुलाच्या समोर खोलीत उघडला तर फायदा तिथेच संपतो. भाऊ गॅलरीत जाऊन, डब्याचं तोंड पिशवीत घालून मग झाकण उघडतो. दम्याला कारण ठरणारे धुळीतले किडे गाद्या-उशांतही असतात, त्यामुळे अभ्रे आणि चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुण्याचा नेम त्यांनी सोडलेला नाही. मशीन हे औषध नव्हे, हे त्यांना डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

फिल्टर धुता येतो, पण पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवायचा नाही. दमट राहिला तर वास येतो आणि मोटरही बिघडू शकते. नोएडाच्या उन्हाळ्यात तो सहज वाळतो. ठाण्याच्या जुलैत दोन दिवस झाले तरी हाताला ओला लागतो. आमच्या सोसायटीतल्या एका घरात मशीन बंद पडलं ते नेमकं याच काळात, ‘फिल्टर वाळला की सुरू करू’ म्हणून. गणपती आले तरी ते सुरू झालेलं नव्हतं. दोनशे-तीनशे रुपये जास्त गेले तरी जादा फिल्टर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.

जाहिरातीतली चाळीस-साठ मिनिटं ही सर्वांत कमी वेगाची असतात. पूर्ण वेगावर तीच बॅटरी आठ-दहा मिनिटांत मान टाकते. दोन खोल्यांना तेवढं पुरतं, मोठ्या घराला नाही. शिवाय लिथियमची बॅटरी वर्षागणिक थकते. ती काढून बदलता येते का, नवी कितीला पडते आणि तुमच्या गावात दुरुस्ती केंद्र आहे का, हे तीन प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचे. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, दाबली गेली तर पेट घेऊ शकते. २०२२च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे परत कुठे द्यायची हेही दुकानात विचारता येतं.

कपाटातलं मशीन

चार ‘नाही’ घरांपैकी एका घरात फिल्टर नडला. दुसऱ्यात भिंत. असं मशीन स्वतःच्या बळावर उभं राहत नाही, त्याला भिंतीवर टांगावं लागतं. घर भाड्याचं, घरमालक ड्रिल मारू देईना, म्हणून मैत्रिणीचं मशीन खोक्यात गेलं. रोज खोक्यातून कोण काढणार? प्लगजवळ, हाताशी टांगलेलं मशीन वापरलं जातं, हे उरलेल्या चारही घरांत मी पाहिलं.

शेवटच्या दोन घरांचं उत्तर ऐकून मात्र मी गप्प झाले. तिथे मशीन उत्तम चालू होतं, पण कपाटात कुलपात. ‘‘मावशींच्या हातात कसं द्यायचं? मोडलं तर?’’ दोन्ही घरांत केर मावशीच काढतात. म्हणजे पंधरा-वीस हजारांचं मशीन घरात आहे आणि ज्यांची पाठ रोज वाकते त्यांच्या हातात केरसुणीच आहे.

गंमत अशी की हातात धरून चालवायचा असा क्लिनर बनवला तो एका सफाई कामगारानेच. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर एका दुकानात साफसफाई करायचे. दम्यामुळे झाडूची धूळ त्यांना सोसत नव्हती. पंख्याची मोटर, साबणाचं खोकं, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून त्यांनी यंत्र बनवलं. १९०८ साली त्याचं पेटंट मिळालं आणि पुढे ते हूवर कुटुंबाने विकत घेतलं.

शेवटी आम्ही बॅटरीचं, चालू राहणाऱ्या बटणाचं, मऊ रोलरचं मशीन घेतलं. ते स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलं. आई सातला स्वयंपाकघर उरकते, न वाकता. डबा लहान आहे ही तिची तक्रार कायम आहे. माळ्यावरचं लाल मशीन भंगारात गेलं. केरसुणी मात्र आहे, लक्ष्मीपूजनाला तिलाच हळदकुंकू लागलं.

मावशींनी पहिले चार दिवस मशीनला हात लावला नाही. ‘‘ताई, वेळ जास्त लागतो, मला अजून पाच घरं आहेत.’’ वेळ खरंच जास्त लागत होता, कारण मशीन कसं चालवायचं ते आम्ही धड दाखवलंच नव्हतं. आईने एक सकाळ घालवून डबा, रोलर, फिल्टर सगळं उघडून दाखवलं आणि मोडलं तर आमचं आम्ही बघू, असं सांगून टाकलं. आता सोफ्याखालचा केर मावशी उभ्याने काढतात.

परवा जाता जाता म्हणाल्या, ‘‘ताई, तीनशे चारमधेपण हेच मशीन आहे, कपाटात. तुम्ही त्या काकूंशी जरा बोलून बघा ना.’’