कांद्याचे बी आणि मधमाशीचा हिशेब



रिसोड-मालेगाव भागात कांद्याचे बीजोत्पादन घेणारे पुष्कळ आहेत. बेणे, खत, फवारणी, मजुरी हा खर्च आपण वहीत लिहितो. मधमाशीच्या नावे मात्र काहीच लिहीत नाही, कारण ती फुकट राबते. ती यायची थांबली, की मग तिची किंमत कळते.

कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होते. म्हणून दुसऱ्या फुलाचा पराग आणावा लागतो. हे काम मुख्यतः मधमाशी करते. तिने ते केले नाही, तर गोंडा मोठा दिसतो, पण चोळून पाहावा तर बी थोडेच.

आता हवामानाचा भरवसा राहिला नाही. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी रिसोड तालुक्याला गारपिटीने झोडपले. मार्च २०२२ हा दिवसाच्या तापमानात देशात १९०१ पासून तोवरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. कडक उन्हात फुलातला रस घट्ट होतो, परागाची ताकद जाते आणि माशी पाण्यामागे धावते. त्यातच बांधावरची झाडे गेली आणि ऐन फुलोऱ्यात फवारणी झाली, तर ती टिकेल कशी?

हिशेब करून पाहा. समजा, एकरी ३ क्विंटल बी येते. माशी कमी पडून चौथा हिस्सा भरला नाही, तर ७५ किलो गेले. किलोला ४०० रुपये धरले, तरी नुकसान ३०,००० रुपयांचे! जगाचा हिशेब २०१६ साली मांडला गेला. परागीभवन करणाऱ्या जिवांवर वर्षाला २३,५०० ते ५७,७०० कोटी डॉलरचे पीक अवलंबून आहे.

मग काय करावे?

१. फुलोऱ्यात कीटकनाशक टाळा. अगदीच गरज पडली, तर माश्या परतल्यावर संध्याकाळी फवारा.
२. आग्या माशीचे पोळे जाळू नका.
३. बांधावर कडुनिंब, करंज, जांभूळ राखा.
४. शेताजवळ पसरट भांड्यात खडे टाकून पाणी ठेवा.
५. साधारण दहा टक्के फुले उमलली, की मधपेट्या ठेवा. एकरी किती, ते करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या.

गारपीट आपल्या हाती नाही, फवारणीची वेळ आहे. यंदा वहीत मधमाशीचेही एक पान घाला.