वर्गमूळ, बिजागरी आणि बोल्ट

मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांच्या किंचित दक्षिणेला, काळोख्या रात्री, नुसत्या डोळ्यांना एक धुरकट ठिपका दिसतो. हा मृगातील तेजोमेघ. ८० मिमी व्यासाची लहानशी दुर्बीण डोळ्याच्या बाहुलीच्या सुमारे १३० पट प्रकाश गोळा करते. तरीही तेजोमेघाच्या अंधुक कडा तिच्यातून दिसत नाहीत. याचे कारण डोळ्यात आहे. डोळा सेकंदाच्या लहानशा अंशापुरताच प्रकाश साठवतो, कॅमेरा मात्र साठवतच राहतो. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा काच ५१ मिनिटे प्रकाशात ठेवावी लागली होती.

आता हा वेळ सलग असण्याची गरज उरलेली नाही. समजा, शहरातून घेतलेल्या ३० सेकंदांच्या एका चित्रात एका चित्रबिंदूवर उजळ आकाशाचे १०० आणि तेजोमेघाचे १० इलेक्ट्रॉन जमले. प्रकाशकण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. सरासरी ११० असेल, तर प्रत्यक्ष संख्या तिच्या वर्गमूळाइतकी, म्हणजे सुमारे १०.५ ने, वरखाली होते. तेजोमेघाचे १० त्यातच बुडून जातात! अशी १०० चित्रे ताऱ्यांवर तारे जुळवून संगणकाने बेरजेत घेतली, की तेजोमेघाचे १००० होतात, चढउतार मात्र १०५ च. प्रकाश १०० पट, चढउतार १० पट.

हीच आकडेमोड खेड्यात करून पाहावी. आकाश दहापट काळे असेल, तर त्याचे १० आणि तेजोमेघाचे १० इलेक्ट्रॉन, चढउतार ४.५. शहरात १०० चित्रांनी जे साधते ते इथे १८ चित्रांत साधते. (कॅमेऱ्याचा स्वतःचा दोष येथे धरलेला नाही.) नवी दुर्बीण घेण्यापेक्षा एसटीचे तिकीट काढणे केव्हाही स्वस्त.

मात्र ३० सेकंदही थोडे नाहीत. पृथ्वीच्या फिरण्यामुळे मृगातील तारे दर सेकंदाला १५ विकला सरकतात. ४०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीत ही सरक सेकंदाला २९ मायक्रोमीटर भरते. त्यासाठी मोटर लावलेली विषुववृत्तीय बैठकच हवी, आणि पहिला खर्च भिंगाऐवजी तिच्यावर करावा असे माझे मत आहे. ५० मिमीच्या साध्या कॅमेरा-भिंगात सरक ३.६ मायक्रोमीटर, म्हणजे साधारण एक चित्रबिंदू असते. एवढ्यासाठी शाळेतही बैठक बनवता येते.

दोन फळ्या बिजागरीने जोडाव्यात. खालची घट्ट बसवून वरचीवर कॅमेरा ठेवावा. खालच्या फळीतून एक बोल्ट असा न्यावा, की तो फिरवल्यावर वरची फळी उचलली जाईल. बोल्टचे आटे १ मिमी अंतराचे असतील आणि तो घड्याळाकडे पाहत मिनिटाला एक फेरा फिरवला, तर फळी मिनिटाला १ मिमी उचलली जाते. आकाशाची फेरी २३ तास ५६ मिनिटांची, म्हणजे १४३६ मिनिटांची. तेव्हा वर्तुळाचा परीघ १४३६ मिमी हवा. त्याला २π ने भागले, की बिजागरी ते बोल्ट हे अंतर मिळते: सुमारे २२८.५ मिमी.

बिजागरीचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखावा. पुण्यात तो क्षितिजाशी साडेअठरा अंशांचा कोन करील. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे, पण ५० मिमीच्या भिंगाला तेवढे चालते. बोल्ट सरळ असल्याने फळीची गती हळूहळू चुकत जाते. दहा मिनिटांत ही चूक ६ विकलांच्या आसपास, म्हणजे अर्ध्या चित्रबिंदूहूनही कमी असते. त्यानंतर बोल्ट उलटा फिरवून फळी खाली आणावी, कॅमेरा पुन्हा मृगावर रोखावा आणि पुढची चित्रे घ्यावीत.