उसाचं नाव काढायचं नाही

12 एप्रिल 2016 च्या पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास. धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं आणि टाक्यांभोवती भांडणं नकोत म्हणून शहरात 144 कलम लागलं होतं. त्याच आठवड्यात उच्च न्यायालयानं पाणीटंचाईमुळे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. तेही जमलं. मांजरेच्या खोऱ्यातला पाणीखाऊ ऊस कमी करा, असं म्हणणारे मात्र थोडे, आणि त्यातलेही बरेच असे, की ज्यांना इथे मतं मागायची नव्हती.

अमेरिकेतल्या जोसेफ ओव्हरटन यांनी 1990 च्या दशकात हे नेमकं मांडलं होतं. कल्पना चांगली की वाईट हा प्रश्न नंतरचा; ती उच्चारून पुढारी निवडून येईल का, हा आधीचा. पुढे इतरांनी या मांडणीची शिडी केली. तळाच्या पायरीवर कल्पनेचं नावही काढता येत नाही. एकेक पायरी चढत ती लोकांच्या गळी उतरते आणि शेवटी सरकारी धोरण होते.

मराठवाड्यात उसाची गोष्ट ही शिडी उलटी उतरली. नांदेडचे शंकरराव चव्हाण 1986 ते 1988 मुख्यमंत्री होते. त्या काळात आठमाही पाण्याचं धोरण आलं. खरिपाला आणि रब्बीला पाणी द्यायचं, उन्हाळ्यात कालवा बंद. बारा ते अठरा महिने रानात उभं राहणारं पीक यात बसत नाही. म्हणजे उसाला लगाम घालण्याची भाषा इथे एकदा थेट मुख्यमंत्र्याच्या तोंडी होती. साखरपट्ट्याला ती रुचली नाही आणि धोरण कागदावर उरलं. माधवराव चितळे यांच्या आयोगानं 1999 मध्ये, हजार मिलिमीटरहून कमी पावसाच्या भागात ऊस नको, असं सांगितलं. लातूरचा पाऊस त्याहून बराच कमी. 2017 मध्ये उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय झाला. पाटानं भिजणारा ऊस आजही रस्त्यावरून दिसतो.

यात शेतकऱ्याला खलनायक करणं सोपं आहे, आणि चुकीचंही. उसाला एफआरपी आहे, म्हणजे कायद्यानं ठरलेला किमान दर. गाळपाला ऊस गेला की चौदा दिवसांत बिल द्यायचं बंधन आहे. बिल थकतं, त्यासाठी आंदोलनं होतात, पण दर पडत नाही. अवकाळीत सोयाबीन कुजतं, ऊस बहुधा तगतो. 2024 मध्ये सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि लातूरच्या मोंढ्यात त्याहून कमी भावानं पोती उतरत होती. डाळ गिरण्यांसाठी देशभर नाव असलेल्या या गावाच्या शिवारात तुरीचीही काही वर्षी हीच गत होते. शिवाय कारखान्याभोवती बँक असते, कॉलेज असतं, नोकऱ्या असतात, निवडणुकाही असतात. इतकं सगळं ज्याच्यावर उभं आहे, त्याविरुद्ध सभेत बोलणार कोण?

तेव्हा ‘ऊस सोडा’ हा उपदेश आधी थांबवा. तुरीला आणि सोयाबीनला उसासारखी बांधील खरेदी द्या, उन्हाळी आवर्तनात प्यायच्या पाण्याचा वाटा आधी काढून ठेवा, आणि मग शेतकऱ्याशी बोला. पुढच्या निवडणुकीत दारात येणाऱ्या उमेदवाराला एवढं तरी विचारा.