हवेतून चार्जिंग : गैरसमज फार, वीज थोडी

खोलीत पाऊल टाकले की खिशातला फोन आपोआप चार्ज व्हायला लागेल, असे आश्वासन तंत्रज्ञानाच्या प्रदर्शनांतून अनेक वर्षे दिले जात आहे. बऱ्याच छोट्या अँटेना एकत्र बसवलेला ट्रान्समीटर भिंतीवर टांगायचा आणि त्याच्या रेडिओलहरींचा झोत नेमका फोनवर सोडायचा, अशी ही कल्पना. तिच्याबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. एक, ‘आता वायर गेलीच समजा’. दुसरे, ‘हे सगळे थोतांड’. दोन्ही का चुकतात, ते साध्या गुणाकार-भागाकारातून कळते.

गैरसमज १ : चार्जिंग पॅड म्हणजे हेच तंत्रज्ञान, आता फक्त अंतर वाढवायचे आहे.

वस्तुस्थिती : पॅडमध्ये तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, तसेच एक फोनच्या पाठीतही असते. पहिल्यात उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहामुळे बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्यातून दुसऱ्यात वीज निर्माण होते. हे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने विरते, म्हणून फोन पॅडवर जरा तिरका ठेवला तरी चार्जिंग मंदावते. अंतर वाढवण्याचे प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेतल्या एमआयटीत २००७ मध्ये मारिन सोल्याचिच यांच्या गटाने दोन मीटरवरचा ६० वॉटचा दिवा पेटवला, पण त्यासाठीची वेटोळी सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाची होती. तिथेच २०१४ मध्ये दीना कताबी यांच्या गटाने अनेक वेटोळ्यांतले प्रवाह जुळवून चुंबकीय क्षेत्र फोनच्या दिशेने वळवले. फोन ४० सेंटिमीटरपर्यंत चार्ज झाला. त्यापुढे खोलीभर पोहोचायचे तर अँटेनातून सुटून स्वतंत्रपणे प्रवास करणाऱ्या रेडिओलहरी लागतात, आणि त्यांचे गणितच निराळे आहे.

गैरसमज २ : वायफायच्या लहरी घरभर आहेतच, त्यांच्यावरच फोन चार्ज करता येईल.

वस्तुस्थिती : घरातला राउटर साधारण ०.१ वॉट शक्तीने लहरी सोडतो आणि त्या चहूकडे पसरतात. पाच मीटरवरच्या साध्या अँटेनाच्या वाट्याला त्यातले जेमतेम ०.४ मायक्रोवॉट येतात. ५,००० एमएएचच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा मावते. वाटेत काहीही वाया गेले नाही असे धरले, तरी या हिशेबाने ती भरायला पाच हजारांहून अधिक वर्षे लागतील. प्रत्यक्षात गळती होतेच. आलेल्या लहरींचे एकदिश विजेत रूपांतर डायोड करतो आणि संकेत इतका क्षीण असला की डायोड नीट काम करत नाही.

गैरसमज ३ : अँटेना वाढवल्या की वीज वाढते.

वस्तुस्थिती : वीज तेवढीच राहते, बदलते ती तिची वाटणी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते. दोन अँटेनांकडून आलेल्या लहरींचे चढ फोनपाशी एकाच क्षणी पोहोचले तर त्यांची बेरीज होते. एकीची वाट दुसरीपेक्षा सव्वासहा सेंटिमीटरने लांब झाली की चढ आणि उतार समोरासमोर येऊन त्या एकमेकींना खोडतात. रुतलेली जीप दहाजणांनी आपापल्या वेळेला ढकलली तर हलत नाही, ‘हैय्या’ म्हणून एकदम जोर लावला की निघते, तशातला हा प्रकार. म्हणून प्रत्येक अँटेनाला तिच्या वाटेच्या लांबीनुसार किंचित आधी किंवा नंतर लहर सोडायला लावतात. फोनपाशी बेरीज होते, इतरत्र बरीचशी वजाबाकी. फोन कुठे आहे हे फोनच कळवतो : तो एक बारीकसा संकेत सोडतो, तो प्रत्येक अँटेनाकडे किती मागेपुढे पोहोचला याची नोंद ट्रान्समीटर ठेवतो आणि तोच क्रम उलटा करून लहरी परत पाठवतो.

याचा फायदा मोजता येतो. एकूण एक वॉट, म्हणजे राउटरच्या दहापट शक्ती ६४ अँटेनांत वाटून अचूक जुळवली, तर पाच मीटरवर एका अँटेनाच्या ६४ पट, म्हणजे सुमारे पाव मिलिवॉट मिळते. पाच हजार वर्षांचा हिशेब साडेआठ वर्षांवर आला. प्रगती प्रचंड आहे, पण फोन अजून रिकामाच आहे.

गैरसमज ४ : मग शक्ती वाढवा, प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : खरी अडचण इथेच आहे. या लहरींनी क्ष-किरणांसारखी इजा होत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनची ऊर्जा अणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे दहा लाखांश असते. पण शक्ती पुरेशी असली की शरीर तापते. मायक्रोवेव्ह ओव्हनचे तत्त्व हेच. म्हणून आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेने सामान्य लोकांच्या संपूर्ण शरीरासाठी या लहरींची मर्यादा चौरस मीटरला १० वॉट अशी ठरवली आहे.

आता फोन हातात घ्या. साडेसात सेंटिमीटर रुंद, सोळा सेंटिमीटर लांब, म्हणजे ०.०१२ चौरस मीटर. मर्यादेइतका झोत त्याच्या अख्ख्या पाठीवर पडला आणि सगळा शोषला गेला, तरी हाती लागतात ०.१२ वॉट. बॅटरी भरायला १६० तास, आणि तोवर फोनला हात लावायचा नाही. शरीराच्या छोट्या भागासाठी मिळणारी चौपट सवलत धरली तरी ४० तास. भारताने मोबाइल टॉवरसाठी २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. त्या मापाने, चौपट सवलत न धरता, तर दोन महिने. माणूस जवळ आला की झोत बंद करता येतो हे खरे, पण खिशातला फोन माणसाला चिकटलेलाच असतो. अँटेना कितीही हुशार केल्या, तरी फोनचा आकार आणि शरीराची सहनशक्ती बदलत नाही.

गैरसमज ५ : म्हणजे हे सगळे थोतांड आहे.

वस्तुस्थिती : टोलनाक्यावर तुम्ही ते रोज पाहता. गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरच्या अँटेनाच्या लहरींतूनच त्यातली चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. तिला वीज मायक्रोवॉटमध्ये मोजावी इतकीच लागते, म्हणून काही मीटर अंतर चालते.

मोठ्या प्रमाणावरही हे झालेले आहे. रेथिऑन कंपनीतले विल्यम ब्राऊन यांनी १९६४ मध्ये मायक्रोवेव्हच्या विजेवर एक छोटे हेलिकॉप्टर उडवून दाखवले. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन इथे दीड किलोमीटरवर ३० किलोवॉटहून अधिक वीज मिळवली गेली. पण तिथे झोत सोडणारी डिश २६ मीटर व्यासाची होती, झेलणारी चौकट सुमारे सात मीटर लांबीची होती आणि मधे माणसांचा वावर नव्हता. दिवाणखान्यात यातले काहीच जमणारे नाही. अनेक अँटेनांचा झोत २०२३ मध्ये अवकाशातही आजमावला गेला. कॅलटेकच्या उपग्रहावरच्या प्रयोगात कुठलाही भाग न हलवता, केवळ लहरींची वेळ जुळवून, फूटभर अंतरावरचे एलईडी उजळले. पृथ्वीकडे वळवलेला क्षीण संकेत पॅसाडेनातल्या गच्चीवर टिपला गेला.

गैरसमज ६ : टेस्लाने हे केव्हाच साधले होते, कंपन्यांनी दडपले.

वस्तुस्थिती : व्हॉट्सॲपवर सतत फिरणारी ही गोष्ट. निकोला टेस्ला यांनी १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळ वॉर्डनक्लिफचा मनोरा उभारायला घेतला. सावकार जे. पी. मॉर्गन यांनी पुढचा पैसा नाकारला आणि १९१७ मध्ये मनोरा पाडला गेला. त्यातून कुणाच्याही घरी वीज पोहोचली नव्हती. शिवाय टेस्लांचा भर पृथ्वीलाच वाहक म्हणून वापरण्यावर होता. आजच्या झोताशी त्याचे नाते फार दूरचे.

मग हे तंत्र कुणाच्या उपयोगाचे? फोनला हास्यास्पद वाटणारे पाव मिलिवॉट दर काही मिनिटांनी तापमान नोंदवणाऱ्या सेन्सरला भरपूर होते. गोदामे, शीतगृहे, यंत्रांचे अडचणीतले कोपरे, जिथे शेकडो ठिकाणच्या बॅटऱ्या बदलत बसणे परवडत नाही, तिथे अनेक अँटेनांचा ट्रान्समीटर आपली किंमत वसूल करू शकतो. म्हणून यापुढे ‘हवेतून चार्जिंग’ची जाहिरात दिसली की ट्रान्समीटर किती वॉटचा हे विचारू नका. किती अंतरावर, केवढ्या उपकरणाच्या आत, प्रत्यक्ष किती वॉट पोहोचले, ते विचारा. उत्तर मिलिवॉटमध्ये आले, तर सेन्सरसाठी जरूर घ्या आणि फोनची वायर जपून ठेवा.