चार लाख चंद्रांचं ऊन

कोजागरीला गच्चीवरचे दिवे घालवून आपण दुधात चंद्र बघतो. टिपूर चांदणं असतं, चेहरे ओळखू येतात. तो सगळा उजेड मोजला तर जेमतेम पाव लक्स भरतो. भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या घरात जातं. म्हणजे मे महिन्यात गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई चार लाख पौर्णिमांच्या उजेडात उभी असते. आणि तिचे डोळे दोन्ही वेळा निभावून नेतात.

बाहुली 2 मिलिमीटरवरून फार तर 8 मिलिमीटर होते, त्यातून उजेड सोळापटच वाढतो. बाकीचा हिशेब डोळ्यातल्या पेशी जुळवून घेतात, तेही इतक्या बेमालूम की ट्यूबलाइटखालचं ऑफिस आपल्याला लख्ख वाटतं. तिथे असतात तीन-चारशे लक्स. आषाढातल्या काळ्या ढगांखालीही रस्त्यावर सहसा हजाराच्या वर उजेड असतो, आणि आपण मात्र ‘काय अंधारून आलंय’ म्हणत खिडक्या लावून घेतो.

शरीराच्या घड्याळाला ही सारवासारव चालत नाही. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर सुमारे 20,000 पेशींचा एक पुंजका आहे, तेच हे घड्याळ. मेंदूतल्या चेतापेशी 8600 कोटी. 2011 च्या जनगणनेतल्या सव्वाअकरा कोटी महाराष्ट्राने कधी उठायचं, कधी निजायचं हे सव्वीस माणसांनी ठरवावं, तसं हे प्रमाण.

बरं, हे घड्याळ मुळात मंद. त्याचा दिवस सरासरी 24 तास 11 मिनिटांचा. सकाळच्या उजेडाने ते रोज पुढे सरकलं नाही, तर वर्षाला जवळपास तीन दिवस मागे पडेल. दृष्टी पूर्ण गेलेल्या अनेकांची झोप अशीच घसरत दिवसात शिरते. मिशेल सिफ्र हा तेवीस वर्षांचा फ्रेंच तरुण 1962 मध्ये घड्याळाशिवाय आल्प्समधल्या गुहेत 63 दिवस राहिला. 14 सप्टेंबरला त्याला बाहेर बोलावलं तेव्हा त्याच्या हिशेबाने 20 ऑगस्टच होता! मनाचे पंचवीस दिवस हरवले होते. शरीर मात्र साडेचोवीस तासांच्या आसपास निजत-उठत राहिलं होतं.

याचा मनाशी काय संबंध? ब्रिटनमध्ये सुमारे 87,000 लोकांच्या मनगटावर आठवडाभर उजेड मोजणारं यंत्र बांधलं होतं. 2023 मध्ये निष्कर्ष आले. रात्री सर्वाधिक उजेडात असणाऱ्यांमध्ये नैराश्याचा धोका 30 टक्के जास्त, दिवसा सर्वाधिक उजेडात असणाऱ्यांमध्ये 20 टक्के कमी. अर्थात, ज्याला झोपच लागत नाही तोही दिवा लावून बसतो. तेव्हा सगळं खापर बल्बवर फोडता येणार नाही. तरी हिवाळी नैराश्यावर डॉक्टर 10,000 लक्सच्या पेटीसमोर रोज अर्धा तास बसवतात, हे खरं. उन्हाळ्यात आपल्याकडे झाडाच्या सावलीतही तेवढा उजेड फुकट मिळतो.

झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन संध्याकाळी निम्म्यावर यायला सरासरी 25 लक्स पुरतात. पण 2019 च्या एका प्रयोगात हा आकडा कुणाचा 6 निघाला, तर कुणाचा 350. ‘लाइट बंद कर’ आणि ‘मला तर लागते झोप’ या रोजच्या भांडणात दोघंही खरं बोलत असू शकतात.