शांगला : उतारावर वसलेला जिल्हा

स्वातचे खोरे पाकिस्तानच्या पर्यटन नकाशावर ठळक आहे. त्याच्या पूर्वेची डोंगररांग ओलांडली की शांगला जिल्हा सुरू होतो, पण त्याचे नाव तिकडेही भूकंप, हल्ला किंवा खाणीतला अपघात झाला तरच कानावर येते. स्वातमधल्या ख्वाजाखेलाहून निघालेला रस्ता देवदार आणि चीडच्या जंगलातून वळणे घेत सुमारे सात हजार फुटांवरच्या शांगला खिंडीत चढतो. पलीकडे तो जिल्ह्याचे ठाणे असलेल्या अलपुरीवरून सिंधूच्या काठच्या बेशामला उतरतो. चढ आणि उतार यांच्यामध्ये सपाट म्हणावी अशी जमीन जवळजवळ नाहीच. शांगल्याची शेती, वस्ती, रोजगार आणि राज्यकारभार या उताराने ठरवला आहे.

खैबर पख्तुनख्वा प्रांतातल्या या जिल्ह्याचे क्षेत्रफळ 1,586 चौरस किलोमीटर. उत्तरेला कोहिस्तान, दक्षिणेला बुनेर, पश्चिमेला स्वात आणि पूर्वेला सिंधू. नदीपल्याड बट्टग्राम आणि तोरघर हे जिल्हे. हीच सिंधू पुढे तरबेला धरण पार करून अटकेला जाते. मराठी माणसाला तिचा तो टप्पा 1758 पासून ओळखीचा आहे. घोरबंद, पूरन, चकेसर अशा दऱ्यांमधले पाणी शेवटी सिंधूला मिळते. बेशामजवळ खान ख्वार या उपनदीवर 72 मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प उभा आहे.

2023 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 8 लाख 91 हजारांच्या घरात गेली. म्हणजे एका चौरस किलोमीटरला साडेपाचशेहून अधिक माणसे, आणि तीही उभ्या डोंगरावर. दगडी बांध घालून तयार केलेल्या खाचरांत मका पिकतो, जोडीला अक्रोडाची झाडे असतात. एकेक खाचर चार-दोन पावलांत संपते. भावाभावांत वाटण्या झाल्या की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा तुकडा वर्षभराचे पीठही देत नाही.

घरेही उतारालाच टेकलेली. दगडी भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा जाड थर दिलेले सपाट धाबे. खालच्या घराचे धाबे अनेकदा वरच्या घराचे अंगण होते. हिवाळ्यात बर्फ फावड्याने ओढून काढला नाही तर धाबे वाकते. भूकंपात हेच जड छप्पर घात करते. 8 ऑक्टोबर 2005 च्या भूकंपाने शांगल्यातील असंख्य घरे पाडली. 26 ऑक्टोबर 2015 ला हिंदुकुशात पुन्हा हादरा बसला, तेव्हा पाकिस्तानातील सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत शांगला होता.

नाल्यापलीकडची वस्ती डोळ्यांना समोर दिसते, पण पायी जायचे तर खाली उतरून पुन्हा चढावे लागते. म्हणून या डोंगरांत लोकांनी स्वतःच डोल्या उभारल्या आहेत. दोन टोकांना बांधलेला पोलादी दोर, त्यावर लटकणारा लोखंडी पाळणा आणि तो ओढायला जुन्या गाडीचे इंजिन. शाळकरी मुले, पिठाची पोती, आजारी माणसे, सगळे त्यातूनच जाते. 22 ऑगस्ट 2023 ला सिंधूपल्याडच्या अल्लाई भागात अशाच डोलीचे दोर तुटले आणि शाळेला निघालेल्या मुलांसह आठ जण दरीवर लटकून राहिले. दिवसभराच्या प्रयत्नांनंतर रात्री सगळे सुखरूप सुटले. जगाने ती थरारक सुटका म्हणून पाहिली. इथल्या मुलांची शाळेची वाट रोजच तशी आहे.

सिंधूच्या मोठ्या वळणावरचा पीर सर हा डोंगर इतिहासप्रेमींना खुणावतो. इसवी सनापूर्वी 326 च्या सुमारास सिकंदराने घेतलेला ‘आओर्नोस’ हा अभेद्य डोंगर म्हणजेच पीर सर, असे ऑरेल स्टाइन यांनी 1926 मध्ये इथे येऊन मांडले. काही अभ्यासक तो मान स्वातच्या इलम पर्वताला देतात. ग्रीक इतिहासकार आरियन सांगतो की मधली घळ भरून काढण्यासाठी सिकंदराने प्रत्येक सैनिकाला शंभर खुंट तोडून आणायला लावले होते. सिंधूपासून सुमारे पाच हजार फूट उंच उठलेला पीर सर पाहिला की त्या हुकमाचे कारण समजते.

लोक बहुतांशी युसुफझई पठाण, भाषा पश्तो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले पश्तो सूफी कवी हाफिज अलपुरी इथलेच. युसुफझईंमध्ये ठरावीक वर्षांनी गटागटांत जमिनींची अदलाबदल करण्याची ‘वेश’ नावाची पद्धत होती. सुपीक जमीन एकाच घराकडे राहू नये, हा तिचा हेतू. स्वात संस्थानाच्या काळात ती बंद होऊन ज्याच्या ताब्यात जी जमीन होती ती कायमची त्याची झाली. या वाटपात हिस्सा नसलेले गुजर वरच्या, खडकाळ उतारांवर गुरे आणि मका यांवर जगत राहिले. गावचा पाहुणा अजूनही हुजऱ्यात, म्हणजे सामायिक बैठकीच्या घरात, उतरतो, तंटा अजूनही जिरग्यासमोर, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या पंचायतीसमोर, जातो.

शासन इथे हळूहळू चढत आले. 1969 पर्यंत हा भाग स्वातच्या वलीच्या, म्हणजे संस्थानिकाच्या, अंमलाखाली होता. संस्थान विलीन झाल्यावर तो ‘प्रांतशासित आदिवासी क्षेत्र’ ठरला, म्हणजे देशाचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत. कचेरीच्या कामासाठी लोकांना खिंड ओलांडून सैदू शरीफ गाठावे लागे. 10 जुलै 1995 ला शांगला स्वतंत्र जिल्हा झाला. नोव्हेंबर 2007 मध्ये स्वातमधल्या तालिबानचा म्होरक्या मौलाना फजलुल्लाह याच्या हत्यारबंद लोकांनी अलपुरी ताब्यात घेतले. सैन्याने त्याच महिन्यात ते परत मिळवले. 2018 च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने वेगळा दर्जा संपला. आज उपायुक्त जिल्ह्याचा कारभार पाहतात आणि खाली तहसील व ग्राम परिषदा आहेत.

2018 मध्ये शांगल्यातल्या एका प्रांतिक मतदारसंघाची निवडणूक आयोगाने रद्द केली, कारण तिथे महिलांचे मतदान दहा टक्क्यांच्या खाली होते. फेरमतदान घ्यावे लागले. बायकांशिवाय निवडणूक होत नाही, हे कायद्याने इथे ठणकावून सांगितले. 2018 मध्येच मलाला युसुफझईने नोबेलच्या रकमेतून आपल्या वडिलांच्या गावी, बरकाना इथे, मुलींची शाळा सुरू केली.

पण शांगल्याची खरी ओळख त्याच्या पुरुषांच्या हातांवर आहे. जिल्ह्यात कोळशाच्या खाणी नाहीत, तरी पाकिस्तानातल्या कोळसा खाणींत शांगल्याची माणसे मोठ्या संख्येने आहेत. क्वेट्टा, दुक्की, दर्रा आदमखेल इथल्या अरुंद, तिरप्या बोगद्यांत ते टनावर मजुरी घेऊन खणतात. लाकडी टेकू, कोंडलेला मिथेन वायू आणि अंगावर ठेकेदाराची उचल, अशा तिढ्यात वर्षे जातात. 5 मे 2018 ला क्वेट्टाजवळच्या दोन खाणींत 23 मजूर मेले. त्यांतले बहुतेक शांगल्याचे. 2011 मध्ये कोहाट परिसरातून पळवून नेलेल्या 16 शांगलाई मजुरांचे अवशेष दहा वर्षांनी, एप्रिल 2021 मध्ये, एकाच खड्ड्यात सापडले. जानेवारी 2025 मध्ये क्वेट्टाजवळच्या संजदी खाणीत स्फोट झाला, तेव्हाही शांगल्यात शवपेट्या आल्या.

काराकोरम महामार्ग बेशामवरून जातो, नदीवर वीज तयार होते, गुजर किल्ली भागात पाचू निघतात. म्हणजे हा डोंगर रिकामा नाही. त्याची वीज आणि रत्ने खाली जातात, तशी माणसेही जातात. परत येतो तो तुटपुंजा पगार. खाणींची नियमित तपासणी, मृत मजुराच्या घरी वेळेवर पोचणारी भरपाई आणि चालत जाता येईल इतक्या अंतरावर मुलींची माध्यमिक शाळा, ही तीन कामे शांगल्याला सर्वांत आधी हवीत. त्यासाठी नव्या शोधाची गरज नाही. इस्लामाबाद आणि पेशावरच्या सरकारांनी ती आपली जबाबदारी मानली पाहिजे.